मिलिटरीचा वायरलेस फायर ब्रिगेडला ऐकू का येत नाही?

प्रश्न : मोठी आपत्ती आली की मोबाइल बंद पडतात आणि मग मिलिटरी आपली कम्युनिकेशनची गाडी घेऊन येते, असं वाचलंय. पण एवढे भारी सेट असूनही शेजारी उभ्या असलेल्या फायर ब्रिगेडवाल्याशी त्यांना थेट बोलता येत नाही म्हणे, हे खरं का? आणि ही सिस्टीम मॉडर्न करतायत म्हणजे नक्की काय करतायत?
– एक वाचक, आपत्ती मदत पथकातली स्वयंसेविका

उत्तर : ताई, खरं आहे ते. मिलिटरीचा सेट मुळात बनवलेला असतो तो दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. अमेरिकन आर्मीचा सिनगार्स रेडिओ घ्या, तो 30 ते 88 मेगाहर्ट्झवर चालतो आणि सेकंदाला शंभरच्या वर वेळा फ्रिक्वेन्सी बदलतो, वर आवाज एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कोडमध्ये बदललेला. तिथल्या पोलीस-फायरवाल्यांचे सेट 150च्या आसपास नाहीतर 700-800 मेगाहर्ट्झवर, म्हणजे दोघं एकमेकांच्या बँडवर ऐकतच नसतात, मग कितीही ओरडा. युद्धात जे चांगलं तेच पुरात आडवं येतं.

आणि हे फक्त मिलिटरीचं नाही हं. 11 सप्टेंबर 2001ला न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून वर्ल्ड ट्रेड सेंटरचा टॉवर पडणार असा इशारा पोलिसांच्या रेडिओवर गेला, फायर ब्रिगेडचे रेडिओ वेगळे, त्यांच्यापर्यंत तो थेट पोचलाच नाही. त्या दिवशी फायर ब्रिगेडचे 343 लोक गेले. मग 2005चं अमेरिकेतलं कतरिना वादळ, त्यात 30 लाखांवर फोन लाइनी आणि 38 इमर्जन्सी कॉल सेंटरं बंद पडली, मदतीला नॅशनल गार्डचे, म्हणजे तिथल्या राज्यांच्या राखीव सैन्याचे, हजारो जवान आले पण कोण कुठं आहे हेच एकमेकांना कळेना. त्यानंतर गार्डनं नागरी मदतीसाठीच वेगळा संच उभा केला, जिस्क नावाचा, आणि पुढे त्याच्या जागी डायरेक्ट नावाचा नवा आणला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मॉडर्न करणं म्हणजे नुसती नवी डिश नाही. या संचाचा जीव असतो तो रेडिओ जोडणाऱ्या गेटवेत. पोलिसांचा एक सेट, फायरचा एक, गार्डचा एक, असे तिन्ही केबलनं त्या बॉक्सला लावायचे, बॉक्स प्रत्येकाच्या आवाजाचे डेटा पॅकेट करतो आणि ऑपरेटर स्क्रीनवर ठरवतो की कुठला चॅनेल कुठल्याला जोडायचा. कुणाला आपला रेडिओ बदलावा लागत नाही. सोबत साधं वायफाय, फोन, 4जी, म्हणजे ज्याच्या हातात नेहमीचा मोबाइल आहे तोही कामाला लागतो.

पण एक गोष्ट माहितीपत्रकात नसते आणि तुम्हाला ती प्रत्यक्ष लागेल म्हणून सांगतो. असा जोडलेला चॅनेल उघडायला क्षणभर लागतो, तुम्ही बटण दाबताक्षणी बोललात तर पहिला शब्द कापला जातो. "दोन नंबरचा पूल बंद" हे पलीकडे "नंबरचा पूल बंद" असं पोचतं आणि गाडी भलत्याच पुलाकडे जाते. बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. हे सरावानंच अंगवळणी पडतं, म्हणून मशीन घेऊन सराव न करणाऱ्या यंत्रणांबद्दल मला खरंच काळजी वाटते.

प्रश्न : आता स्टारलिंकसारखं थेट सॅटेलाइटवरून इंटरनेट मिळतं. मग हा सगळा लवाजमा हवाच कशाला?
– एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

उत्तर : फरक मोठाच पडलाय, नाकारत नाही. जुने सॅटेलाइट जवळपास 36,000 किलोमीटरवर, त्यामुळे विचारलं आणि उत्तर आलं यात निदान अर्धा सेकंद जातो, माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. खालच्या कक्षेतले 550 किलोमीटरच्या आसपास, तिथं हा उशीर जाणवतही नाही. पण धो धो पावसात केयू आणि केए बँडचा, म्हणजे सॅटेलाइट इंटरनेटच्या उंच फ्रिक्वेन्सींचा, सिग्नल मार खातो, म्हणजे नेमकं वादळातच. खालच्या फ्रिक्वेन्सीच्या एल बँडला पावसाचं फारसं काही वाटत नाही पण त्याचा स्पीड कमी, बोलणं आणि मेसेज चालतील, व्हिडिओ विसरा. आणि सगळंच गेलं तर एचएफ म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओ, अँटेना बुटकी आडवी बांधून सिग्नल जवळजवळ सरळ वर सोडला की आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून दोन-चारशे किलोमीटरच्या परिसरात, डोंगराआडसुद्धा, ऐकू येतो. मिलिटरीत एकावर एक असे चार पर्याय आधीच कागदावर ठरवून ठेवतात, नेहमीचा, पर्यायी, अडचणीतला आणि अगदी शेवटचा, मला वाटतं हीच शिस्त नागरी यंत्रणांनी पहिली उचलावी.

शिवाय वीज कुठून आणणार? 2017ला मारिया वादळानंतर प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर 95 टक्क्यांच्या आसपास मोबाइल टॉवर बंद होते. अशा वेळी जनरेटर, डिझेल आणि ते पोचवणारा ट्रक हासुद्धा कम्युनिकेशन सिस्टीमचाच भाग धरायचा, नाहीतर छतावर डिश नुसती शोभेला.

प्रश्न : बाहेरचे लोक जोडले तर मिलिटरीचं गुपित फुटणार नाही का?
– एक निवृत्त जवान

उत्तर : साहेब, म्हणूनच नागरी बाजूचं नेटवर्क वेगळं ठेवतात, गुप्त नेटवर्कशी त्याचा संबंधच येऊ देत नाहीत. मला जास्त धोका कोडवर्डचा वाटतो. "टेन" नं सुरू होणारे रेडिओ कोड प्रत्येक खात्याचे वेगळे, एकाच आकड्याचा अर्थ इथं एक तिथं दुसरा. अमेरिकेत 2006पासून अनेक खाती एकत्र असली की साध्या भाषेत बोलायचं असं ठरलंय, केंद्राचं अनुदानसुद्धा त्याला जोडलं. तुमच्या ओळखीतलं पथक सराव करत असेल तर त्यांना एवढं नक्की सांगा, कोड बंद, ठिकाणाचं पूर्ण नाव घ्या आणि समोरच्यानं ऐकलेलं परत म्हणून दाखवल्याशिवाय चॅनेल सोडू नका.