हायड्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला प्राणी अमर असतो, मग तळी हायड्रांनी भरून का जात नाहीत?

कारण तो मरतो की! माझ्या हातून एकाच दिवशी पंचवीस-तीस गेलेत. बरणीतलं पाणी बदलताना आळस केला आणि थेट नळाचं ओतलं. क्लोरीन त्यांना सोसत नाही. आधी शुंडकं (तोंडाभोवतीचे दोऱ्यासारखे हात) आखडली, मग अंगाची गाठ झाली, आणि संध्याकाळी तळाशी नुसता पांढुरका साका.

‘अमर’चा अर्थ इतकाच, की हायड्रा म्हातारा होत नाही. त्याच्या धडातल्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, सतत विभागत राहतात. जुन्या पेशी शुंडकांच्या टोकांकडे आणि बुडाकडे सरकतात आणि तिथून गळून पडतात. तीनेक आठवड्यांत जवळपास अख्खं अंग नवं. डॅनिएल मार्टिनेझ या शास्त्रज्ञाने खरं तर हायड्राही म्हातारा होतो हे दाखवायला प्रयोग सुरू केला होता, निघालं उलटंच. पुढे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्याने आणि सहकाऱ्यांनी 2,256 हायड्रा आठ वर्षं सांभाळले. वय वाढलं तरी मरण्याचं प्रमाण वाढलं नाही. पण सगळ्या जाती अशा नाहीत. हायड्रा ऑलिगॅक्टिसला गारठ्यात ठेवलं की तो अंडी किंवा शुक्राणू तयार करतो आणि त्यानंतर बहुतेक वेळा काही महिन्यांत खंगून मरतो.

प्रयोगशाळेत आयतं खाणं मिळतं, तळ्यात कुठलं? पोट भरलेल्या हायड्राला दोन-तीन दिवसांत नवं मुकुल, म्हणजे पिल्लाचा कोंब, फुटतं. उपाशी असला की मुकुलायन थांबतं आणि तो स्वतःच आक्रसत जातो. शिवाय त्याला खाणारे आहेत, उन्हाळ्यात डबकीही आटतात. कठीण कवचातली अंडी तेवढी तग धरतात.

खरं सांगू, मला अमरत्वापेक्षा त्याच्या तोंडाचं जास्त नवल वाटतं. भिंगातून बघा: डॅफ्निया (पाण्यातला बारीकसा जीव, त्याचं खाणं) शुंडकाला नुसता घासला की जागीच थरथरतो, कारण दंशपेशीतला काटा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात सुटतो. मग शुंडकं त्याला आत ओढतात. पण एरवी तिथे तोंड नसतंच, पेशींचा सलग पडदा असतो! तो दर जेवणाला फाटतो आणि नंतर पुन्हा जुळतो. पचून उरलेलं टरफलही तिथूनच बाहेर.

हायड्रा कापला तर काय होतं म्हणाल, तर 1740च्या सुमारास नेदरलँड्समध्ये हेगजवळ अब्राहम ट्रेंबले या निसर्ग-अभ्यासकाने ही वनस्पती की प्राणी ते ठरवायला हायड्रा कापला, आणि दोन्ही तुकड्यांचे पुरे हायड्रा झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हायड्रावर बरंच काम झालंय.

स्वतः पाहायचा असेल तर स्वच्छ तळ्यातली थोडी पाणवनस्पती तिथल्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत आणा आणि खिडकीशी रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी उजेडाकडच्या काचेला सेंटीमीटरभर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले दिसले, तर बोटाने टिचकी मारा. गोळा होऊन बसला तर तोच.

आणि वरून घालायचं पाणी एक दिवस उघडं ठेवलेलं असू द्या.