सॅम्पलर घ्यायचा की नाही ते नंतर, आधी तो कुणाच्या नावावर होणार ते विचार

भावा, तुझ्या पोस्टमध्ये कॉलेजचा उल्लेख आहे म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. तू लिहिलंयस की रिपरवर (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) काम करतोस, लॅपटॉप आठ जीबी रॅमचा आहे, मंडळांची गाणी आणि हलगी, तिच्या साथीचं घुमकं आणि कैताळ यांचे ट्रॅक करायचेत, आणि कॉन्टॅक्ट या सॅम्पलरची (म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज कीबोर्डवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरची) पूर्ण आवृत्ती सेल संपायच्या आत घ्यावी का असा प्रश्न आहे. बऱ्याच जणांनी तुला 'डोळे झाकून घे, नाद खुळा आहे' असं सांगितलंय. आवाजापुरतं ते खरंही आहे. मी अडकलो ते तुझ्या शेवटच्या ओळीवर. एक डीलर स्वस्तात देतोय, रजिस्ट्रेशन आणि इन्स्टॉलेशन तोच करणार, आपल्याला काहीच करायचं नाही, असं तू लिहिलंयस.

हे 'आपल्याला काहीच करायचं नाही' मी भोगलंय. कंपनी वेगळी होती, सॅम्पलरही वेगळा, आणि दुकानाचं नाव मी घेणार नाही. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर त्यांचा माणूस आला, चहा प्याला, सगळं चढवून दिलं, वाजवून दाखवलं. बिलावर 'सॉफ्टवेअर व सेवा' एवढंच. बरेच दिवस झकास चाललं. मग ऐन गणपतीच्या तोंडावर लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. नवीन मशीन आणलं तर तो सॅम्पलर, म्हणजे रिपरच्या आत चालणारं प्लगिन, लॉगिन मागायला लागला, आणि खातं निघालं दुकानाच्या ईमेलवर. माझं नाव, माझा ईमेल कुठेच नाही.

दुकानात फोन केला की 'सरांना विचारून सांगतो'. सर कधी बाहेरगावी, कधी मीटिंगमध्ये, कधी जेवायला. मग म्हणाले कंपनीला मेल करा. कंपनीचं उत्तर आलं, अगदी सभ्य: परवाना ज्या खात्यावर आहे त्याच खात्याच्या ईमेलवरून लिहा. त्यांच्यावर मी चिडत नाही, त्यांच्या दप्तरी मी कुणीच नव्हतो. पण दुकान कंपनीकडे बोट दाखवणार आणि कंपनी दुकानाकडे, यात माझा सीझन चालला होता. दुकान लॉगिन का देत नाही ते नंतर कळलं. ओळखीच्या एका स्टुडिओत त्याच खात्यावरचा तोच सॅम्पलर चालू होता! एका परवान्यावर जेवढी मशीन चालतात तेवढी गिऱ्हाइकं त्या माणसानं बसवली होती. मला लॉगिन दिलं असतं तर हे सगळं मला तिथंच दिसलं असतं.

पैसे गेले ते गेले. खरा दणका असा की जुने सगळे प्रोजेक्ट मुके झाले. मिडीच्या नोटा (कुठला सूर कधी वाजवायचा एवढीच नोंद) जागेवर, आवाज शून्य. एका मंडळाचं काम तर मी ढोलकीवाल्याला रात्री बोलावून पुन्हा वाजवून घेतलं. (जाता जाता: रिपरमध्ये ट्रॅक फ्रीझ करायची सोय आहे. काम संपलं की सॅम्पलरचे ट्रॅक ऑडिओ करून ठेव. प्लगिन उद्या असेल नसेल, वेव्ह फाइल कुठेही वाजते.)

तेव्हा डीलरला पैसे द्यायच्या आधी लेखी विचार, व्हॉट्सअॅपवर चालेल. खातं माझ्या ईमेलवर मी स्वतः उघडणार, चालेल का? सीरियल नंबर मला न वापरलेला मिळेल का? बिलावर माझं नाव, प्रॉडक्टचं नाव आणि आवृत्ती येईल का? उत्तर 'काळजी करू नका, आपलंच दुकान आहे' असं आलं तर तिथून निघ. सगळे डीलर असे नसतात. सरळ माणूस तुला नुसता सीरियल देतो आणि रजिस्ट्रेशन तुझं तू कर म्हणतो. खटकायला हवं ते तुझ्याकडे ईमेलसुद्धा न मागणारा माणूस.

थेट कंपनीकडून घेणार असशील तर कार्डाचं आधी बघ. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे कार्डावरचे परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या अॅपमध्ये जाऊन तूच चालू करायचे. सेलच्या शेवटच्या रात्री हे करत बसू नकोस. आणि किंमत डॉलरची बघून हरखू नकोस. कॉन्टॅक्टची मूळ किंमत 299 डॉलर धरू. डॉलर 85 रुपये धरला तरी 25,400 च्या आसपास. परदेशातून घेतलेल्या अशा डिजिटल मालावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 30 हजारांच्या घरात, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. सेलमध्ये हा आकडा बराच खाली येतो, पण कर आणि शुल्क लागतंच. मी सीए नाही, पैसे भरायच्या पानावरचा शेवटचा आकडा बघूनच ठरव.

आता मूळ प्रश्न. माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून दे: तुझ्या कामाला आत्ता कॉन्टॅक्ट लागत नाही.

लोक कॉन्टॅक्ट घेतात ते बहुतेक वेळा त्यावर चालणाऱ्या लायब्ऱ्यांसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या तयार संचांसाठी. व्हायोलिनचा ताफा, पियानो, कोरस, असलं काही. तुला अशी एखादी ठरावीक लायब्ररी हवीच असेल तर आधी तिच्या पानावर बघ की ती फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालते की पूर्ण आवृत्ती मागते. पूर्ण आवृत्ती मागणारी लायब्ररी प्लेअरमध्ये उघडते खरी, पण डेमो म्हणून, पंधरा मिनिटांनी गप्प होते. आणखी एक खोडा आवृत्तीचा. नव्या कॉन्टॅक्टसाठी बनवलेली लायब्ररी जुन्या कॉन्टॅक्टमध्ये उघडत नाही. कुणी जुनी आवृत्ती स्वस्तात गळ्यात मारत असेल तर हे लक्षात ठेव.

पण तुझी हलगी त्या लायब्ऱ्यांत कुठली असायला? 'इंडियन पर्कशन' म्हणून जे मिळतं त्यात तबला असतो, ढोलक असतो, कधी ढोल. खासबाग मैदानात कुस्तीला वाजते ती हलगी तुला स्वतःच रेकॉर्ड करावी लागणार, आणि एकदा ती रेकॉर्ड झाली की वाजवायला रिपरमधला रीसॅम्पलोमॅटिक 5000 हा साधा सॅम्पलर पुरतो. तो रिपरबरोबरच येतो, वेगळा पैसा नाही. एकेका ठोक्याला एकेक नोट द्यायची, हळू-जोरात यांच्या हद्दी ठरवून द्यायच्या, झालं. दिसायला अगदीच ओबडधोबड आहे, म्हणून लोक नाक मुरडतात. तेच तुला देखण्या रूपात हवं असेल तर डिसेंट सॅम्पलर फुकट आहे, प्लोगचा स्फोरझांडोही फुकट आहे. स्फोरझांडो वाचतो ती एसएफझेड फाइल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्ये लिहिता येते. आणि फुकटच्या प्लगिनला मदरबोर्ड बदलल्याचं सोयरसुतक नसतं.

सगळी मेहनत रेकॉर्डिंगमध्ये आहे, तिथं कसूर झाली तर 30 हजारांचा सॅम्पलरही काही करू शकत नाही. हलगीचं कातडं शेकलं की चढतं, आणि वाजवता वाजवता उतरत जातं. एकाच बैठकीत आधी सगळे जोराचे ठोके आणि मग सगळे हळू ठोके घेतलेस तर हळू ठोके सुराला खाली येतील आणि कीबोर्डवर ते लगेच उघडं पडेल. त्यापेक्षा एकदा शेकली की एका जागचे हळू, मध्यम, जोराचे असे सगळे ठोके घेऊन टाक. पुन्हा शेकून झाली की पुढची जागा. पावसाळ्यात आपल्याकडची हवा तुला माहीत आहे, शेकायला वेळ जास्त आणि वाजवायला कमी. घाई नसेल तर दिवाळीनंतर घे.

प्रत्येक ठोका एकदाच घेऊन भागवू नकोस. एकच आवाज सलग वाजला की मशीनगन वाटते. एका ताकदीचे चार-पाच वेगवेगळे ठोके घे आणि ते आळीपाळीनं वाजू दे. घुमकं आणि कैताळ वेगवेगळे रेकॉर्ड कर, हलगीच्या माइकमध्ये कैताळ शिरलं तर नंतर काही सुधारत नाही. रेकॉर्डिंगचा दर्जा 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झ पुष्कळ झाला. स्टिरिओ मिनिटाला साधारण 16 एमबी होतात, ठोके तर सेकंदा-दोन सेकंदांचे, त्यामुळे आठ जीबी रॅमची चिंता इथं नाहीच. ती चिंता मोठ्या पियानो लायब्ऱ्यांची. त्यांची फक्त सुरुवात रॅममध्ये असते आणि बाकीचं डिस्कवरून ओढलं जातं, म्हणून त्यांना एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, लागते. पैसे खर्चायचेच असतील तर आधी एसएसडी घे.

ढोलकीबद्दल मात्र मी हात टेकलेत. धुमाच्या (जाड आवाजाच्या) बाजूचा घुमारा हाताच्या दाबानं खाली-वर होतो, तो नुसते ठोके कापून येत नाही. तिथं माणूस बसवून लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा लावता येणारे तुकडे, वाजवून घे. वेगवेगळ्या लयीत घे, एकच लूप नंतर ताणून-आवळून घुमाऱ्याची पार वाट लागते.

वाजवणाऱ्याला पैसे दे आणि एका कागदावर सही घे: रेकॉर्डिंग कशाला वापरणार, किती ठिकाणी, पुढे लायब्ररी म्हणून विकणार का. आपल्या कायद्यात कलाकाराचा त्याच्या वादनावर 50 वर्षांपर्यंत हक्क असतो. 'ओळखीतलं आहे, कागद कशाला' म्हणणारे नंतर यूट्यूबवर भांडताना बघितलेत. आणि जुन्या तमाशाच्या रेकॉर्डीतून तुकडा उचलायचा विचार डोक्यात असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांचा, गीत आणि चाल यांचे हक्क त्याहून वेगळे. मी वकील नाही, पण यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम लावायला वकील लागतच नाही.

फाइलींची नावं पहिल्याच दिवशी लाव: वाद्य, जागा, ताकद, कितवा ठोका. 'हलगी-मध्य-जोर-3' असं. 'नवीन ऑडिओ 47' अशी दोनशे नावं घेऊन बसलेला एक पोरगा मागच्या वर्षी माझ्याकडे आला होता, अजून ऐकून ऐकून लावतोय.