जगप्रसिद्ध व्यक्ती माहीत नसणे हे अज्ञानाचे लक्षण आहे का?

माझ्या मते नाही. 2014 साली विम्बल्डनच्या वेळी सचिन तेंडुलकर कोण हे आपल्याला ठाऊक नसल्याचे मारिया शारापोव्हाने सांगितले, तेव्हा आपल्याकडे समाजमाध्यमांवर तिची यथेच्छ खिल्ली उडवली गेली. परंतु रशियात जन्मून लहानपणीच टेनिससाठी फ्लोरिडाला गेलेल्या मुलीच्या कानावर क्रिकेट पडावे तरी कुठून? (आपल्यापैकी किती जणांना बेसबॉलपटू ओळखता येतात, हेही विचारून पाहावे.)

ज्ञानाचेही बरेचसे तसेच आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत, तरी देशी वाण ओळखून त्यांचे बियाणे पुढच्या हंगामासाठी टिकवण्याची त्यांची विद्या 2020 साली पद्मश्री जाहीर होण्यापूर्वीही तितकीच अस्सल होती. वालाचे दोन वाण वेगळे ओळखू न शकणाऱ्या शहरी पदवीधराला मात्र कोणी अडाणी म्हणत नाही.