स्क्वॉशमध्ये करिअर करायचंय? आधी एवढंच

स्क्वॉशमध्ये करिअर करायचंय आणि जागतिक क्रमवारीत कसं पोहोचायचं, असं विचारलंस. उत्तम! पण क्रमवारीचं गणित आत्ता बाजूला ठेव. भारताची स्क्वॉशपटू जोश्ना चिनप्पाने 2005 मध्ये ब्रिटिश ज्युनियर ओपनचा 19 वर्षांखालचा किताब जिंकला, व्यावसायिक दबदबा पुढे आला. तुलाही आधी ज्युनियर स्पर्धा भरपूर खेळायच्या आहेत.

सुरुवातीला:

- प्रत्येक फटक्यानंतर 'टी'वर, म्हणजे कोर्टच्या मध्यावर रेषा मिळतात त्या जागी, परत ये. नव्या मुली स्वतःचा फटका बघत उभ्या राहतात आणि गुण घालवतात. मलेशियाची निकोल डेव्हिड 2006 ते 2015 जागतिक क्रमवारीत सलग अव्वल राहिली, त्यात जोरापेक्षा पायांचा वाटा मोठा.
- चेंडू बाजूच्या भिंतीलगत, खोल मागे मार. ड्रॉपचा, म्हणजे समोरच्या भिंतीजवळ हळूच टाकायच्या फटक्याचा, मोह नको.
- दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू इतक्यात घेऊ नकोस, तो तापल्याशिवाय उसळतच नाही.

आणि हो, डोळ्यांना खेळाचा संरक्षक गॉगल लाव. ज्युनियर स्पर्धांत तो सक्तीचाच असतो.