बाकीच्या चौघांकडे बघ

प्रिय पोरी,

तुझा अहवाल मिळाला. 2022 च्या उन्हाळ्यात एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये मिनेसोटाने मोठी किंमत देऊन यूटाचा सेंटर (रिंग राखणारा उंच खेळाडू) रूडी गोबेर घेतला. त्यांच्या जागी तू असतीस तर हा ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, केला असतास का, एवढाच प्रश्न तुमच्या प्राध्यापकांनी घातलाय. तू त्यावर तक्त्यांमागून तक्ते लावलेस आणि शेवटी लिहिलंस, ‘दोन्ही बाजूंनी बोलता येईल.’ सोबतच्या मेलमध्ये मात्र लिहिलंस, ‘सर, मला खरंच कळत नाहीये.’ पहिल्या वाक्याचा राग आला, दुसऱ्याने जीव कळवळला. म्हणून लगेच लिहायला बसलो.

आकडे चोख आहेत, त्यावर बोलत नाही. तुझी गाडी एकाच जागी अडलीय. पहिल्या पानापासून तू गोबेरकडेच बघत बसलीस. त्याचे ब्लॉक, रिबाउंड, फ्री थ्रो, तिशीला आलेलं वय, पाच वर्षांचा 20 कोटी 50 लाख डॉलरचा करार. बचावाचा सेंटर घ्यायचा की नाही हे ठरवताना सेंटरकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बाकीच्या चौघांकडे बघ. तो मागे उभा असला की ते काय करायला धजतात आणि तो नसला की काय करायचं टाळतात, ते बघ.

हे तुला मी सांगायला हवं? तू स्वतः गार्ड, म्हणजे बाहेर बॉल सांभाळणारी, होतीस. आपली उंच पोरगी रिंगखाली उभी असली की तू समोरच्या मुलीच्या छातीशी जाऊन भिडायचीस, बॉलवर हात टाकायचीस, चुकलीस तरी मान वळवून मागे बघायची नाहीस. ती बेंचवर गेली की तुझे पाय आपोआप दोन पावलं मागे यायचे. त्या दोन पावलांत समोरचीला शॉट मिळायचा. स्कोअरशीटवर त्याची नोंद कुठेच नसायची. आता तुझ्या हातात अमेरिकेतला सगळा डेटा आहे आणि तू तीच गोष्ट विसरलीस!

आता मिनेसोटाचे चौघे बघ. 2021-22 मध्ये त्यांनी 46 सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये मेम्फिसकडून 4-2 हरले. त्यात शेवटच्या क्वार्टरमधल्या मोठ्या आघाड्या घालवल्या आणि रिबाउंडमध्ये सपाटून मार खाल्ला. त्यांचा सेंटर टाउन्स शूटर म्हणून अव्वल, पण रिंग राखणं हा त्याचा पिंड नाही. म्हणून स्क्रीन लागला, म्हणजे बॉलवाल्याच्या सोबत्याने आडवं उभं राहून आपल्या गार्डची वाट अडवली, की त्यांचा सेंटर वर धावायचा आणि मागचे तिघे कोर्टभर पळत भोकं बुजवायचे. एडवर्ड्स तेव्हा 20 वर्षांचा, मॅकडॅनियल्स 21 चा. दोघेही लांब हातांचे, चपळ, अंगावर जाणारे. पाठीशी कुणी असेल तर असे पोरगे काय करतील, हा खरा प्रश्न होता. तो तुझ्या अहवालात कुठेच नाही.

गोबेर ड्रॉपमध्ये खेळतो. स्क्रीन लागला तरी तो बाहेर येत नाही, रिंगजवळ मागे थांबतो. गार्डने स्क्रीनला घासून वरून यायचं आणि बॉलवाल्याच्या पाठीला चिकटायचं. मग बॉलवाल्यापुढे उरतो मधल्या अंतरावरचा शॉट, आजच्या हिशेबात सगळ्यात तोट्याचा. पण गार्ड स्क्रीनवर मेला तर हा सगळा डाव कागदावर राहतो. म्हणून पुन्हा सांगतो, चौघांकडे बघ.

गोबेर यूटाकडे असतानाच्या, 2021 च्या क्लिपर्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेवर तू एक अख्खं पान खर्च केलंस आणि निष्कर्ष काढलास की ‘गोबेर प्लेऑफमध्ये चालत नाही.’ हे वाक्य मी खोडलंय. सहाव्या सामन्यात यूटा 25 गुणांनी पुढे होता आणि हरला, टेरन्स मॅनने 39 गुण केले, हे सगळं खरं. पण ती रेकॉर्डिंग आवाज बंद करून पुन्हा बघ आणि गोबेरवरची नजर काढ. पहिला ड्रिबल कोण सोडतंय? यूटाचे गार्ड एकामागून एक मार खातायत, गोबेर रिंग वाचवायला धावतोय आणि त्याचा माणूस कोपऱ्यात मोकळा उभा आहे. तिथे राहिला असता तर लेअप गेला असता, आत आला तर थ्री गेला. चौघांनी दार उघडं टाकलं आणि जगाने राखणदाराला शिव्या घातल्या.

पहिल्या वर्षी, 2022-23 मध्ये, मिनेसोटाचा हिशेब 42 विजय, 40 पराभव असा लागला आणि या सौद्याला इतिहासातला सगळ्यात वाईट सौदा म्हणणाऱ्यांची रांग लागली. टाउन्स दुखापतीमुळे 29 च सामने खेळला होता, हे त्यातल्या किती जणांनी लिहिलं? पुढच्या वर्षी तेच लोक 56 सामने जिंकले, बचावात लीगमध्ये पहिले आले, मॅकडॅनियल्स ऑल-डिफेन्सिव्ह, म्हणजे वर्षातल्या उत्तम बचावपटूंच्या, संघात गेला आणि गोबेरला चौथ्यांदा सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळाला. मुटोम्बो आणि बेन वॉलेस हे जुने सेंटर सोडले तर चार कुणाकडेच नाहीत.

‘डेन्व्हरविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात गोबेर नव्हता तरी त्यांना 80 वर रोखलं’, हा 2024 च्या प्लेऑफमधला तुझा मुद्दा मला आवडला. त्यावर विचार केला. बाळाच्या जन्मासाठी तो घरी होता आणि संघ 106-80 जिंकला. पण पोरी, त्या रात्री अंगावर जाऊन खेळायची जी सवय दिसली ती वर्षभर कुणाच्या भरवशावर लागली? सवय लागल्यावर एक रात्र निभते. 82 सामने निभत नाहीत. आणि त्याच प्लेऑफमध्ये डॅलसच्या डॉनचिचने गोबेरच्या तोंडावर मारलेला तो थ्री, 109-108 वाला, त्याची क्लिप तू शेवटी पुरावा म्हणून का जोडलीस? स्विच झाल्यावर, म्हणजे बचावपटूंनी आपापला माणूस बदलल्यावर, सात फुटी माणूस डॉनचिचपुढे एकटा सापडला, त्याने शॉट मारला. एका शॉटवर अख्ख्या सौद्याचा निकाल लावायचा असेल तर डेटा शिकायला इतक्या लांब जायची गरज नव्हती.

मी एवढा का तापतो, ते तुला ठाऊक नाही. तू यायच्या आधी एका क्लबच्या संघाला मी शिकवायचो. आमचा सेंटर सामन्याला जेमतेम दोन-तीन बास्केट करायचा. पण मागून त्याचा आवाज चालू असायचा, ‘लेफ्ट! स्क्रीन लेफ्ट! सोडू नको, मी आहे!’ सामना संपेपर्यंत घसा बसलेला असायचा. कमिटीतल्या मंडळींना त्याच्या नावापुढचे गुण दिसायचे, आवाज ऐकू येत नव्हता. त्याला काढून पॉइंट करणारा मुलगा आणायचं ठरलं. मी बैठकीत भांडलो, बाहेर भांडलो, पद सोडायची धमकी दिली. शेवटी पद सोडलं. नवा मुलगा पॉइंट भरपूर करायचा. आणि जे गार्ड हाफ कोर्टवर बॉल हिसकावायचे ते थ्री-लाइनच्या आत उभे राहायला लागले. संघ मोडला तो तिथे. आमच्या त्या जुन्या सेंटरने खेळ सोडला, नोकरीला लागला. त्याला थांबवता आलं नाही, ही खंत जाणार नाही. पण मी बरोबर होतो. तेव्हाही होतो, आजही आहे. मला हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत, म्हणू देत.

मग किंमत. ती बघायचीच, पण चौघांचं उत्तर मिळाल्यावर. पहिल्या फेरीचे चार पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क), पिक अदलाबदलीचा एक हक्क, वर पाच खेळाडू आणि त्यात तरुण सेंटर वॉकर केसलर. जास्तच होती, मान्य. मी केसलरवर अडून बसलो असतो, कारण रिंग राखणारा दुसरा पोरगा समोरच्याला फुकट द्यायचा नसतो. तरी नाहीच म्हणाले असते तर? सही केली असती. एडवर्ड्सची वाढायची वर्षं मागच्या भोकांची काळजी करण्यात घालवली नसती.

प्रत्येक वेळी घ्याच, असं मी म्हणत नाही. डॅलसने 2010 मध्ये टायसन चँडलरला आणलं तेव्हा नोवित्स्कीसारखा मंद पायांचा महान शूटर झाकायला कुणीतरी हवंच होतं. चौघांना त्याची गरज होती, 2011 चं विजेतेपद मिळालं. हाच चँडलर 2009 मध्ये ओक्लाहोमा सिटीने ट्रेड करून घेतला होता आणि पायाच्या अंगठ्याच्या वैद्यकीय तपासणीनंतर परत पाठवला होता. तेव्हा डॉक्टरांचा कागदही बघायचा. आणि ज्या संघाचे गार्ड स्क्रीनवर अंग चोरतात, त्यांनी असा सेंटर घेऊच नये. यूटाची गत होते.

इंडियानाचंही उदाहरण घाल. 2019 च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो खेळून गेले, आठवतंय ना? पेसर्सकडे तेव्हा सबोनिस आणि मायल्स टर्नर, दोन मोठे होते. रिबाउंड, पास, गुण सगळं सबोनिसकडे. टर्नरचं नाव वर्षानुवर्षं ट्रेडच्या चर्चेत. 2022 च्या फेब्रुवारीत त्यांनी सबोनिसला दिलं, तेही सॅक्रामेंटोलाच, आणि हॅलिबर्टन हा गार्ड आणला. ब्लॉक करणारा आणि बाहेरून थ्री मारणारा टर्नर ठेवला. 2025 मध्ये तोच संघ फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. गार्डला आत शिरायला वाट मोकळी राहते आणि मागे रिंग राखली जाते, असा सेंटर कुणासोबत शोभतो, हे त्यांनी चौघांकडे बघून ठरवलं.

तर आता काम. पहिलं पान फाड. त्या जागी एडवर्ड्स आणि मॅकडॅनियल्स 2021-22 मध्ये बॉलवाल्यापासून किती अंतर ठेवून उभे राहायचे आणि 2023-24 मध्ये किती, ते सामने बघून लिही. मोजता येत नसेल तर डोळ्यांनी जे दिसलं ते लिही. ‘दोन्ही बाजूंनी’ काढ, ‘हो’ किंवा ‘नाही’ घाल. तुझं उत्तर ‘नाही’ निघालं आणि ते चौघांकडे बघून आलेलं असलं, तर मी एक शब्द बोलणार नाही. प्राध्यापक पिकांच्या किमतीवरून अडवतील, त्याचं उत्तर तिसऱ्या पानावर तयार ठेव. शुक्रवारपर्यंत मला पाठव, रात्री उशिरा आलं तरी वाचीन.

तुझा,
सर