मीटर लाल होत नाही, तरी गजरात झांज का करकरते?

प्रश्न : आमच्या भजन मंडळाचं रेकॉर्डिंग आणि मास्टरिंग (शेवटची तयार फाइल, म्हणजे मास्टर, बनवणं) मीच करतो. आवाज ठरावीक उंचीपुढे जाऊ न देणाऱ्या लिमिटरचं सीलिंग, म्हणजे ती कमाल उंची, -०.१ डेसिबलवर असतं, मीटर कधीच लाल होत नाही. तरी फाइल एमपी३ करून मंडळींना पाठवली की गजर चढल्यावर झांज करकरते. पेटी मात्र स्वच्छ ऐकू येते. लिमिटर बिघडलाय का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : लिमिटर ठणठणीत आहे, मीटर अर्धंच सांगतोय. तो फक्त सॅम्पलची, म्हणजे फाइलमध्ये क्षणाक्षणाला नोंदलेल्या आकड्यांची, उंची बघतो. फोनमधून आवाज बाहेर पडताना त्या आकड्यांची पुन्हा अखंड लाट होते आणि तिचा माथा दोन सॅम्पलच्या मधे, त्यांच्याही वर निघू शकतो. हा खरा माथा म्हणजे ट्रू पीक.

४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या, फाइलमध्ये ११,०२५ हर्ट्झचा शुद्ध स्वर घ्या. एका आवर्तनात नेमके चार सॅम्पल बसतात. ते माथ्यावर न पडता त्याच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर पडले, तर प्रत्येकाची उंची माथ्याच्या ०.७०७ पट भरते. म्हणजे मीटरवर शून्य (फाइलमधली कमाल उंची) असताना लाट ३ डेसिबल वर! खालच्या स्वरांत एका आवर्तनात ढीगभर सॅम्पल पडतात, तिथे हा फरक नगण्य. झांजेचा झणत्कार मात्र वरच्या पट्ट्यातलाच, म्हणून पेटी सुटते आणि झांज सापडते. त्यात एमपी३ करताना आवाजातले काही अंश गाळले जातात, लाटेचा आकार बदलतो आणि माथे आणखी उसळतात. ०.१ डेसिबलची जागा त्याला कुठली पुरायला?

लिमिटरमधला ट्रू पीक पर्याय चालू करा आणि सीलिंग -१ डीबीटीपी (ट्रू पीक शून्याच्या १ डेसिबल खाली) ठेवा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) बीएस.१७७० शिफारशीप्रमाणे ४८ किलोहर्ट्झचा सिग्नल चौपट ओव्हरसॅम्पल करून, म्हणजे मधले सॅम्पल हिशेबाने भरून १९२ किलोहर्ट्झवर नेऊन, माथा मोजतात. त्यातूनही वरच्या स्वरांत अर्धा-पाऊण डेसिबल निसटू शकतो, म्हणून ही मोकळी जागा हवीच. स्पॉटिफायही -१४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) मास्टरला -१ सुचवतं, त्याहून मोठ्या मास्टरला -२. तुमचा गजर भरगच्च असणार, तुम्ही -२ च धरा.

मग एमपी३ करा, तीच फाइल पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये आणा आणि ट्रू पीक मीटर लावून गजर पूर्ण ऐका. शून्य ओलांडत असेल तर मास्टरची लेव्हल उतरवून पुन्हा एमपी३ करा. माझ्याकडे रत्नागिरीत गणपतीच्या आधी भजनं येतात, तेव्हा ही पायरी मी कितीही घाई असली तरी गाळत नाही.

मात्र आधी मूळ ट्रॅकची लाट स्क्रीनवर मोठी करून बघा. झांजेच्या लाटांचे माथे सपाट कापलेले दिसले, तर करकर माइकच्या इनपुटलाच झाली आहे. तिथे ट्रू पीक लिमिटर काही करू शकणार नाही. आणि आवाज मोठा करायला तो लिमिटरमध्ये जास्त दाबू नका, ही कळकळीची विनंती. स्पॉटिफाय मोठं मास्टर आपसूक खाली आणतं, आणि बुवांचा आलाप नि गजर यांतलं अंतर तेवढं मरतं.

पुढच्या वेळी २४ बिटमध्ये (सॅम्पलची उंची जास्त बारकाईने नोंदणारं सेटिंग) रेकॉर्ड करा, झांजवाल्यांना माइकपासून दूर बसवा आणि लेव्हल लावताना त्यांच्याकडून गजरच वाजवून घ्या. पहिल्या अभंगावर लावलेली लेव्हल गजराला पुरत नाही.