कोऱ्या फिल्टरचं वजन

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दूषित हवेने माणसं मरतात म्हणून विद्यापीठात संशोधनाला आलीस आणि वाट्याला आलं काय, तर चिमट्याने फिल्टर उचलून काट्यावर ठेवणं. ‘यातून जगाचं काय भलं होणार?’ असं विचारतेस. धीर देत बसत नाही, तो तुझ्याकडे आहे. हिशेब देतो.

पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रोमीटर आणि त्याहून बारीक कणांचा, नमुना घेणारं तुझं यंत्र मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतं. दिवसाकाठी २४ घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीची शिफारस घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. तितक्या स्वच्छ हवेत फिल्टरवर दिवसभरात जमणार १२० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा जेमतेम आठवा भाग. आणि हे वजन तू थेट मोजतच नाहीस, फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन मोठ्या वजनांची वजाबाकी करतेस. पहिलं वजन चुकलं की नंतर कितीही जीव ओत, चूक निघत नाही. म्हणून आधी कोरा फिल्टर.

वजनाआधी फिल्टर किमान २४ तास वजनाच्या खोलीतच मुरू दे. तापमान २० ते २३ अंश, आर्द्रता ३० ते ४० टक्के. नुसती सरासरी बघून खूश होऊ नकोस: त्या २४ तासांत तापमान २ अंशांपेक्षा आणि आर्द्रता ५ टक्क्यांपेक्षा जास्त हललेली चालत नाही. टेफ्लॉनचा फिल्टर स्थिर वीज धरून ठेवतो, मग काट्यावरचा आकडा ठरतच नाही, सरकत राहतो. ती वीज घालवण्यासाठीच पोलोनियम या किरणोत्सारी धातूची पट्टी असते. पण पोलोनियम-२१० चं अर्धायुष्य १३८ दिवसांचं. वर्ष उलटलं की पट्टीत साधारण सहावा हिस्साच ताकद उरते. पट्टीवरची तारीख आजच बघ.

दर दहा फिल्टरांमागे एक कोरा फिल्टर बाहेर पाठव. डब्यातून ने, यंत्रात बसव, हवा न ओढता काढ, परत आण, वजन कर. फरक ३० मायक्रोग्रॅमच्या आत हवा. गंमत बघ, १२० मधले ३० म्हणजे पाव हिस्सा! हा फरक रोज नोंदवला नाहीस, तर तुझी हवा स्वच्छ झाली की तुझी बोटं, हे कुणालाच सांगता येणार नाही. फिल्टर ‘वाया जातात’ म्हणून याच कामात काटकसर होते. मीही केली आहे आणि ती अजून सलते. तू करू नकोस.

हवेच्या प्रवाहाचंही तेच. वेगळ्या प्रवाहमापकाने ताडून बघ, गळती तपास. उन्हात राहिलेल्या डब्यातल्या फिल्टरवरून कणांमधलं अमोनियम नायट्रेट उडून जातं आणि हवा आहे त्याहून चांगली दिसते. नमुने ४ अंशांवर किंवा त्याखाली ठेवलेस तर वजनाला ३० दिवस मिळतात, नाहीतर १० दिवसांत उरक.

आता तुझा ‘जगाचं काय’ हा प्रश्न. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतली ८,१११ प्रौढ माणसं १४ ते १६ वर्षं नजरेखाली ठेवली आणि त्या शहरांची हवा मोजली. १९९३ मध्ये निष्कर्ष छापला: सगळ्यात दूषित शहरात मृत्यूचा दर सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त. १९९७ मध्ये अमेरिकेने पीएम २.५ साठी पहिल्यांदा मर्यादा घातली. उद्योगांनी आरडाओरडा केला, मूळ नोंदी मागितल्या. त्या नोंदी बाहेरच्या तज्ज्ञांनी पुन्हा तपासल्या आणि २००० मध्ये निष्कर्ष तोच निघाला. तिथे कामाला आलं कोणाचं भाषण? कुणीतरी वर्षानुवर्षं नीट मोजून लिहून ठेवलेलं वजनच ना?

हवाईतल्या मौना लोआ या डोंगरावर कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला तेव्हा आकडा दहा लाख भागांत ३१३ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या पुढे आहे. सुरुवातीला वर्षाची वाढ एकाहूनही कमी होती. यंत्र तेवढं जरी भरकटलं असतं तरी ती वाढ दिसली नसती. म्हणून तो माहीत असलेल्या वायूशी यंत्र पुन्हा पुन्हा ताडत राहिला. १९६४ मध्ये पैसा आटला आणि काही महिन्यांची नोंद कायमची हुकली. हुकलेली हवा पुन्हा मोजता येत नाही.

लोक मला हटवादी म्हणतात. विद्यार्थ्यांना वर्षभर काट्यापुढे बसवतो, म्हणतात. बसवतोच. स्वस्त सेन्सर शंभर ठिकाणी लावून नकाशा रंगवणं सोपं आहे, दिसतंही छान. पण ते प्रकाशाच्या विखुरण्यावरून अंदाज बांधतात. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा चढतो. तो उतरवायचा कशाशी ताडून? तुझ्याच फिल्टरशी. सेन्सर जरूर लाव, पण आधी फिल्टरच्या यंत्राशेजारी, कोरड्या आणि दमट अशा दोन्ही ऋतूंत. अर्ध्या नोंदींवर सेन्सरचा आकडा दुरुस्त करणारं सूत्र बसव, उरलेल्या अर्ध्यांवर तपास. ज्या नोंदींवर बसवलंस त्यांच्यावरच तपासलंस तर मला दाखवूही नकोस.

पुढच्या पत्रात शंका नकोत, निष्कर्षही नकोत. सलग तीस कोऱ्या फिल्टरांची आधीची आणि नंतरची वजनं पाठव, खोलीच्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदीसकट. आणि खोडलेले आकडे गिरवून काळे करू नकोस. एकच रेघ मार, खालचा आकडा मला वाचता आला पाहिजे.